बाबांची एक कमेंट

माझी आत्या परराष्ट्र खात्यात आहे. तिची कुठेही बदली झाली की मी कॉलेजमध्ये जाम भाव खायचे. मग मी नोकरीला लागल्यावर एका दुपारी शेजारच्या देशातलं सरकार पडलं, आणि आत्या तिथल्याच आपल्या दूतावासात होती.

मी हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेली. तिचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "ऐक, बाहेर जमाव आहे. त्यांना वाटतंय आम्ही सगळे निघून गेलो. वाटू दे. दिवे बंद करून बसलोय. दादाला सांग, कुणाशी बोलायचं नाही."

बाबांना लगेच फोन केला. "मी कशाला बोलतोय कुणाशी?" म्हणाले.

नारायण पेठेत घरी पोचले, तर बाबा मोबाइलवर टाइप करत बसलेले. एका न्यूज पेजवर होतं की दूतावास पूर्ण रिकामा झाला. आता बाबांना चुकीची माहिती दिसली की राहवतच नाही, हॉटेलातलं मेन्यूकार्डसुद्धा सुधारून देतात. खाली त्यांची कमेंट, तीही इंग्लिशमध्ये: बातमी चुकीची आहे. माझी बहीण अजून आतच आहे. खात्री करून छापत जा.

मी मोबाइल त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"बाबा, हे काय केलंत?"

"बोललो कुठे? लिहिलं फक्त."

आई म्हणाली, "अहो, बहीण तिकडे अंधारात बसलीये आणि तुम्ही प्रुफं तपासताय?"

कमेंटला रिप्लाय आला होता. फोटो नाही, अनोळखी नाव. किती जण आहेत आत?

मी लगेच कमेंट डिलीट केली. पण कुणी कुणी वाचलं असेल? आत्याला फोन करावा, तर रिंग बाहेर ऐकू गेली तर? मेसेज टाकला: बाहेर कळलंय तुम्ही आत आहात. एकच टिक. आम्ही तिघं त्या टिककडे बघत बसलो. कुणी जेवलं नाही.

सकाळी तिचा फोन आला. "दादा, विमानतळावर आहे. मागच्या दाराने निघालो." मेसेज मिळाला होता की नाही, ते ती बोलली नाही. बाबांना विचारायचा धीर झाला नाही.

घरी जेमतेम काही दिवस राहिली आणि परत तिथेच रुजू झाली. परवा जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "बहीण कुठे असते हल्ली?"

"दिल्लीत," बाबा म्हणाले, आणि घाईघाईने दार लावून घेतलं.