आमच्या पेटीतलं एक मत

आमच्या गावात सूर्य उगवायचा तोसुद्धा गावकीला विचारून. हे मी जरा वाढवून सांगतो आहे, पण फार नाही. अलिबागच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी गाव. लग्न कधी, नांगर कधी धरायचा, बांधावर कुणी किती दिवस राबायचं, सगळं पंच देवळासमोर बसून ठरवत. ठरलेलं मोडलं की माणूस वाळीत. त्याला विस्तव द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे लग्नाला जायचं नाही आणि मर्तिकालाही नाही.

मी तिथल्या मराठी शाळेचा मास्तर. जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक आली तेव्हा एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. मत सगळ्यांना नव्हतं. आपल्या नावावर ठरावीक सारा भरणारा, नाहीतर माझ्यासारखा परीक्षा पास झालेला, असाच माणूस यादीत. तलाठ्याच्या यादीत आमची बावीस नावं आली. सुटलेल्यांचे अर्ज मी भरले. साऱ्याची पावती जोडायची, खाली अंगठा उठवायचा, अर्ज अलिबागच्या कचेरीत द्यायचा. तिथला कारकून असा सावकाश की त्याने माझा पहिला अर्ज वाचायला घेतला तेव्हा समुद्राला ओहोटी होती आणि मान वर केली तेव्हा पाणी कचेरीच्या पायरीला लागलं होतं. पण नऊच्या नऊ नावं चढली. गावाची एकतीस मतं झाली आणि मी महिनाभर छाती काढून फिरलो.

त्या नऊ जणांत एक नाखवा होता. खाडीपलीकडे जायचं तर त्याच्याच होडीतून. बायको वारलेली, पदरात एकच मुलगी, तिचं लग्न पलीकडच्या गावात ठरलेलं. छापील यादी मी शाळेच्या भिंतीला चिकटवली तेव्हा तो बघायला आला.

"यात मी कुठं हाय, मास्तर?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"एवढासाच?" म्हणाला, आणि बराच वेळ तिथून हलला नाही.

बोर्डाच्या जागेला उमेदवार दोन. एक अलिबागचा वकील. तो आमच्या गावात कधी फिरकलाच नाही. दुसरा बडा जमीनदार. त्याने निरोप धाडला, गावाची सगळी मतं मला पडली तर तुमचा बाहेरकाठा बोर्डाकडून बांधून देतो. बाहेरकाठा म्हणजे समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला बांध. आमचा दोन ठिकाणी फुटला होता. गावकी बसली आणि एका घटकेत ठरलं. एकटा नाखवा उठला.

"मत माजं हाय. मी अजून दिलंच न्हाय, तुमी कसं देऊन मोकळे झालात?"

मुख्य पंच सुपारी कातरत होता. त्याने वर न बघता विचारलं, "नाखवा, तुजी होडी भरतीनं चालते का तुज्या मर्जीनं?"

लोक हसले. नाखवाही हसला. मग देवीसमोर ठेवलेल्या नारळावर एकतीस जणांनी एकामागून एक हात ठेवला. नाखव्याने ठेवला, मीही ठेवला.

मतदान माझ्याच शाळेत झालं. सरकारी अधिकाऱ्याची मिशी एवढी लांब की एका टोकाला मुंगी चढली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिला नातवंडं व्हावीत. ज्याला लिहिता येत नाही त्याने अधिकाऱ्याच्या कानाशी नाव सांगायचं, फुली अधिकारी मारणार. लिहिता येणाऱ्याने आडोशाला जायचं. आडोसा म्हणजे माझा फळा, दोन बाकांवर उभा केलेला.

नाखवा माझ्या पुढे होता. त्याला आत वेळ लागला, तो बाहेरच्यांनी मोजला. का लागला ते मी दारात उभा राहून ऐकलं. त्याने जमीनदाराचं नाव स्पष्ट सांगितलं. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, नक्की ना?

"नारळावर हात ठेवलाय, सायेब. आनि काय नक्की करू?"

मग मी फळ्याआड गेलो. चिठ्ठीवर दोन नावं, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. वकिलाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. पण त्या गावात आल्यापासून मी जेवलो काय, कुणाशी बोललो काय, हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळत असे, आणि त्या दोन हात जागेत मला कुणी बघत नव्हतं. मी वकिलाच्या नावापुढे फुली मारली. पेटीत चिठ्ठी टाकून मिशा पिळत बाहेर आलो.

जमीनदार निवडून आला, भरपूर मतांनी. पण पेट्या एकेक करून मोजल्या गेल्या, आणि त्याचा माणूस आमच्या पेटीचा आकडा घेऊन आला. तीस आणि एक. "सगळी मतं असं ठरलं होतं," एवढंच बोलून तो परत गेला. बाहेरकाठ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पंचांनी नाखव्याला बोलावलं. बैठकीत उठला होता तोच, आत वेळ लागला तो त्यालाच.

"देवीसमोर परत नारळ उचल आनि सांग, तू न्हाय म्हणून."

"एकदा हात ठेवलाय," नाखवा म्हणाला. "दुसऱ्यांदा कशाला? देवी बहिरी हाय का?"

झालं. त्याला वाळीत टाकायचा ठराव झाला. गावकीच्या वहीत लिहिणार कोण? गावात वळणदार अक्षर एकच. मी लिहिला. शुद्धलेखनाची एक चूक नाही. घरी येऊन जेवलोसुद्धा, दोन भाकऱ्या.

आठच दिवसांत पलीकडच्या गावाचा निरोप आला: गावाने परत घेतलं तर लग्न, नाहीतर मुलीला दुसरं घर बघा. मुलगी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. वर चढली नाही.

"बाबांनी काय सांगितलं ते तुमाला तरी ठाव असंल. तुमी मागंच होतात."

त्या संध्याकाळी मी देवळासमोर गेलो आणि सांगितलं की ते मत माझं. खरंच सांगितलं. पण माझी जीभ सरळ चालतच नाही. पेन्सिलच कशी वळवळत वकिलाकडे गेली, मी तिला दोन्ही हातांनी कशी मागे ओढली, दोरा कसा तुटता तुटता राहिला, हेही सांगत गेलो. मुख्य पंच डोळे पुसत हसला.

"मास्तर, मागल्या शिमग्याला तुमी मगरीच्या पाठीवर बसून खाडी पार केलीत. आता हे. तुमचं मन मोठं हाय, पन त्या हट्ट्यासाठी स्वतःला बट्टा कशाला लावून घेता?"

तेव्हा मी आवाज खाली आणून साध्या चार शब्दांत पुन्हा सांगायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर हसलो. आज वाटतं, त्यांनी हसावं म्हणूनच मी ते तसं सांगितलं. सांगितल्याचं पुण्यही पदरात, आणि विहिरीवर पाणीही बंद नाही.

लग्न मोडलं. वैशाखात त्याच मुहूर्तावर नवरदेवाने दुसरी मुलगी केली. वाजंत्री खाडीवरून आमच्याकडे ऐकू येत होती.

पावसाच्या तोंडाशी नाखव्याने घराला कुलूप घातलं. थळच्या बाजूला त्याचे कुणी नातलग होते. होडीत एक पेटी, दोन जाळी, भांडी आणि मुलगी. ओहोटी लागली होती, होडी चिखलात रुतत होती. मी काठावर उभा होतो, का ते मलाही माहीत नाही.

"मास्तर," नाखवा म्हणाला, "जरा हात लावा."

मी मागे वळून पाहिलं. बांधावर दोघं जण उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते. मी हात लावला नाही. मुलीने लुगडं खोचलं, चिखलात उतरली आणि खांदा लावून होडी पाण्यात लोटली.