बावीच्या चवीचा आकडा

कल्पिताला संख्याशास्त्र आवडायचं, हे ऐकून गावात आजही हसतील. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या खारपट्टीतली सून, नवरा अल्पेश ट्रेलर घेऊन महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर, आणि हिला आवडतं काय, तर संख्याशास्त्र! पण अलिबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तिला तो विषय होता आणि त्यातलं पहिलंच प्रकरण तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आकडे दिसायला सारखेच असतात, पण कामं वेगळी करतात, असं सर सांगायचे. एसटीचा नंबर म्हणजे नुसतं नाव. शर्यतीतला पहिला-दुसरा हा क्रम. दोघांत अंतर किती ते तो सांगत नाही. कोंबड्या मोजायच्या, पाऊस मापायचा. "एसट्यांच्या नंबरांची सरासरी काढणारा कुणी भेटला तर माझ्याकडे पाठवा," असं म्हणून सर वर्गाला हसवत. पुढे लग्न ठरलं, कॉलेज सुटलं. तसा माणूस तिला भेटला, पण तोवर सर कुठे होते कुणास ठाऊक.

तो भेटला दोन वर्षांपूर्वी. बांध फुटून उधाणाचं पाणी शेतांत शिरलं, तेव्हापासून खालच्या आळीतल्या बावी, म्हणजे घरोघरच्या विहिरी, खारावत गेल्या होत्या. वरच्या आळीच्या नऊ विहिरी तेवढ्या गोड, त्याही शिमग्यानंतर आटायच्या. नळयोजनेचा फाटा कुठल्या गावाला द्यायचा हे ठरवायला सर्व्हे निघाला आणि शिकलेली म्हणून फॉर्म भरायचं काम कल्पिताकडे आलं. तिला आनंद झाला. घरात सासूचे, कृष्णाबाईंचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. बिनमिठाची पेज म्हातारी मुकाट्याने खायची. पण ती शिजायची बावीच्या पाण्यात, मग मीठ बंद झालं कुठे? फाटा येणं म्हणजे म्हातारी जगणं, इतकं ते सरळ होतं.

फॉर्मवर चवीची चौकट होती. गोड असेल तर एक, मचूळ असेल तर दोन, खारी असेल तर तीन.

"साहेब, पाण्यातला खार मापायचा मीटर असतो ना?" तिने निकेत साहेबांना विचारलं. सर्व्हे त्यांच्या हाताखाली होता.

"बिघडलाय. घरची माणसं सांगतील ते लिहा. गावाची सरासरी अडीचच्या वर गेली की फाटा मंजूर."

"पण साहेब, हा नुसता क्रम आहे. याची सरासरी कशी काढणार?"

"मॅडम, तुम्ही आकडा टाका. पुढचं कॉम्प्युटर बघतो."

सुरुवात तिने आपल्याच घरापासून केली. तिथेच तिचा घात झाला. खारी बाव असलेल्या घरात त्या पट्ट्यात कुणी मुलगी देत नाही. धाकटा दीर सुजित बत्तिशीला आला होता आणि आठवडाभरात पाहुणे यायचे होते.

"आपली बाव मचूळ हाय," कृष्णाबाई म्हणाल्या.

"आई, डाळ शिजत नाही त्या पाण्यात. खारी लिहिते."

"खारी लिव्हलंस तं सुजितला पोरगी कोण देल? गावभर व्हईल. मचूळ लिव्ह."

कल्पिताने दोन लिहिला. एका घराने काय बिघडणार, असं तिने मनाला समजावलं. पण स्वतःच्या घरी दोन लिहिल्यावर दुसऱ्याच्या दारात तीन कुठल्या तोंडाने लिहिणार? प्रत्येक घरात कुणी ना कुणी लग्नाचं होतं. खालच्या आळीतल्या चौतीस बावींपैकी अठ्ठावीस मचूळ निघाल्या. खरं बोलणारी घरं सहाच, आणि त्यांतल्या चार घरांत लग्नाचं कुणी उरलंच नव्हतं.

सरासरी आली एक पूर्णांक त्र्याण्णव. शेरा पडला, "पाणी पिण्यास चालण्याजोगे". फाटा दुसरीकडे गेला. कल्पिताने फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करून पाहिला. चौतीसच्या चौतीस बावी खाऱ्या लिहिल्या असत्या, तर सरासरी अडीचच्या वर गेली असती. सरासरीचं पाणी कुणाच्या हंड्यात पडत नाही, हे तिला कळत होतं. तरी त्या मूर्ख नियमानेसुद्धा गाव वाचलं असतं. ज्या कागदावर गाव बुडालं, त्यावर अक्षर तिचं होतं. साहेबांना शिव्या देण्याचीही तिला सोय राहिली नाही.

फाटा जाण्याआधीच सुजितला बघायला पाहुणे येऊन गेले होते. मुलीच्या आईने तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं, एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. निरोप आलाच नाही. एवढ्यासाठी तो दोनचा आकडा!

कल्पिता तालुक्याला तीन खेपा घालून आली. तिसऱ्या खेपेला साहेबांनी तिचाच फॉर्म पुढे सरकवला. "तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम? आता पुढच्या सर्व्हेला बघू."

यंदा शिमगा झाला आणि वरच्या विहिरी आटल्या. टँकर दोन दिवस आला नव्हता. कृष्णाबाईंना इस्पितळातून घरी आणलं होतं. आता काही होण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. भर दुपारी म्हातारीने पाणी मागितलं. सुजित गोड पाण्यासाठी हंडा घेऊन मोटरसायकलवर गेला होता, तो अजून परतला नव्हता. पुन्हा पाणी मागितलं तेव्हा कल्पिताने घागरीतलं बावीचं पाणी वाटीत घेतलं. तिने चमच्याने दोन थेंब ओठांत सोडले.

"गोड आहे, आई," ती म्हणाली.

कृष्णाबाईंनी ते पाणी बराच वेळ तोंडात धरलं. गिळताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"न्हाय गं कल्पी," त्या म्हणाल्या. "खारी हाय. खारी लिव्ह."