सोळा फुटी की वीस फुटी

सुभेदारांच्या आईंनी लाइफ जॅकेटचा पट्टा सोडलाय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा आम्ही कोयनेच्या जलाशयाच्या मधोमध होतो.

"आजी, पट्टा लावा."

"आवळतंय. तुमी बोट बगा."

कुपवाडला फायबरच्या बोटी बनवणाऱ्या कारखान्यात मी ट्रायलचं काम बघतो. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, गाव धरणाकाठी. घरच्यांना फिरवायला त्यांना इंजिनाची बोट हवी होती. सोळा फुटी घ्यायची की वीस फुटी, एवढंच ठरायचं होतं. त्यांचा कल सोळाकडे. ती त्यांच्या जीपमागे सहज ओढता आली असती.

आज आधी सोळा फुटीची ट्रायल होती. तिच्या क्षमतेच्या पाटीवर सहा माणसं, चालवणारा धरून. म्हणून निघताना मी प्रत्येकाचं वजन विचारलं होतं.

"मला काय बाजारात इकायला काढलंय व्हय?" आजी म्हणाल्या होत्या.

सुभेदार, त्यांची बायको, आई, मुलगा, सून आणि मी. वजन हिशेबात बसत होतं.

"जरा थांबवा. वटी भरायची हाय," आता आजी म्हणाल्या. नवी बोट आली की मधल्या पाण्याची ओटी भरायची, ही त्यांच्या घरची रीत. मी इंजिन न्यूट्रलला टाकलं. चालत्या बोटीचं तोंड लाटेकडे ठेवता येतं. थांबली की वारा तिला आडवं फिरवतो आणि लाटा बाजूनं लागतात. तशी ती फिरली.

आजी खण-नारळ घेऊन डाव्या काठावर वाकल्या. ओटीला घरातल्या सगळ्यांचा हात लागावा लागतो. सून उठली, मुलगा उठला, सुभेदारांची बायको उठली, शेवटी सुभेदारही. पाचही जण एका काठाला.

फ्रीबोर्ड म्हणजे पाण्यापासून काठापर्यंतची उंची. सगळे जागेवर होते तेव्हा ती हातभर होती. आता वीतभरही उरली नाही. पुढची लाट आत आली आणि माझ्या पायांवरून गेली. आजींचं जॅकेट खांद्यावर नुसतं लोंबत होतं. त्या पडल्या तर जॅकेट वर राहील आणि त्या खाली जातील, एवढंच मला दिसत होतं.

"मध्ये बसा," मी म्हणालो. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सुभेदारांनी माझा चेहरा पाहिला.

"बैठ जाव. सब नीचे."

त्या आवाजाची घरच्यांना सवय असावी. सगळे जिथल्या तिथे खाली बसले, आजी नारळ पोटाशी धरून. बोट सावरली. मी हळूच गियर टाकला, तोंड वाऱ्याकडे वळवलं, पंपानं पाणी बाहेर काढलं. मग बोट किनाऱ्याला आणली.

"वीस फुटीच द्या," सुभेदार म्हणाले.

"तिची पाटी दहाची आहे. दहा जण भरणार असाल तर पुन्हा हेच होईल."

"न्हाई. आमीच पाच जण."

"मग घ्या. ती रुंद आहे. पाच जण एका काठाला गेले तरी एवढी कलणार नाही."

"आनि वटी?" सुनेनं विचारलं.

"हितंच भरू," आजी म्हणाल्या. "हितलं पानीबी त्याच धरनाचं हाय की."

ओटी किनाऱ्यावरच भरली, सगळ्यांचा हात लागला. मग किनाऱ्याला बांधलेल्या वीस फुटीत ट्रायलसाठी चढण्याआधी आजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि जॅकेटचा पट्टा पुढे केला.

"आवळा."

पाटीवरचा आकडा बसून राहिलेल्या माणसांचा असतो. ट्रायलला निघताना वजनं विचारून झाली, की आता मी आणखी एक विचारतो: मध्ये उठायचं काही काम आहे का?