ओढ्याकाठची शिंदी

तिखट मटणाबरोबर चढणारी दारू पिणाऱ्यांचा मला अजून राग येतो. आधीच जिभेला आग लागलेली, तिच्यात हे तेल ओततात आणि वर मिशीला पीळ देतात. माझे वडील असल्यांना पंगतीतून उठवायचे.

आमच्या डोंगरकडा गावाकडे मटण म्हणजे काळा मसाला आणि लाल मिरचीचा रस्सा, नाका-डोळ्यांतून पाणी काढणारा. त्याच्यासोबत वडिलांना शिंदी लागायची, शिंदीच्या झाडाचा पांढरा रस. पण कुठलीही चालायची नाही. पहाटेची निव्वळ गोड, ती लेकरांनी प्यावी. दुपारची आंबट, डोक्यात जाणारी. ओसरीच्या पायरीवर ऊन आलं की ती मधली व्हायची: जराशी गोड, जिभेला किंचित चुणचुणणारी, माणसाला शुद्धीवर ठेवणारी. हिंगोलीच्या दुकानात ती कधी मिळाली नाही. तिथे कालची शिळी आजच्यात मिसळून विकायचे. एकदा वडिलांनी दुकानदाराच्या देखत पेला जमिनीवर ओतला आणि चालते झाले.

शेवटी ती आमच्याच ओढ्याकाठी सापडली. तिथे शिंदी काढणारा एक म्हातारा होता, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. मामा रोज मडकं धुऊन त्याला धुरी द्यायचा, कालचा आंबूस वास राहू द्यायचा नाही. तीन दिवस झाडाचा रस काढला की त्या झाडाला तो विसावा द्यायचा. त्यातल्या एका झाडाची शिंदी उशिरा आंबायची. ते झाड तो आमच्या घराचं म्हणायचा.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात थोरला भाऊ चार महिन्यांनी घरी आला. तो निजामाविरुद्धच्या चळवळीत होता. शिंदीवर सरकारला कर मिळतो, तेव्हा झाडंच तोडायची, असं ठरवून आला होता. निजामाचं राज्य जायलाच हवं होतं, त्यात मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. भाऊ आला म्हणून आईनं सकाळीच चुलीवर मटण चढवलं. मी कुऱ्हाड घेऊन भावाच्या मागं निघालो.

मामा नुकताच मडकं उतरवून झाडाखाली उभा होता. "बापू, बाकीची तोडा," तो भावाला म्हणाला. "हे एक ऱ्हाऊ द्या. तुमच्या बापाचं हाय, अन् माझं पोट बी याच्यावरच हाय."

"मामा, एक झाड ठेवलं की सरकार ठेवलं," भाऊ म्हणाला.

टाळ्या घेणारं वाक्य होतं. मला तर स्फुरणच चढलं. पंधरा घावांत झाड आडवं झालं. मामा मडकं उचलून गेला.

पायरीवर ऊन आलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो. दोन घास झाले आणि भाऊ हाश्शहुश्श करत, नाक पुसत म्हणाला, "काहून, आज शिंदी न्हाई आणली?"

मला वाटलं, ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावं. साऱ्या मुलखाची काळजी वाहणाऱ्या या माणसाला तासाभरापूर्वी तोडलेलं झाड आठवत नव्हतं!

वडिलांनी मागून मडकं पुढे ओढलं. मामानं जाता जाता ते आमच्या ओसरीवर ठेवलं होतं. भावाला त्यांनी थेंबही दिला नाही. पेला भरला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पी. कुऱ्हाड तुझ्या हातात व्हती. काय तोडलंस ते तरी कळू दे."

मी प्यालो. बराबर लागली होती. जिभेची आग विझली आणि मला रडू फुटलं.

पुढच्या वर्षी निजामाचं राज्य गेलं. मामा त्याच्या आधीच बायकोला घेऊन कामाच्या शोधात गाव सोडून गेला होता. हिंगोलीचं दुकान होतं तिथंच होतं, शिळी विकत. भावावर मी अजून चिडतो. पण तो नुसता बोलला. घाव मी घातले, पंधराच्या पंधरा, आणि घालताना मामाकडे एकदा वळून बघितलंसुद्धा नाही.