जैबुनखालाची चिठ्ठी

बीपी मशीनचा पडदा मी माझ्याकडं फिरवला, त्या मिनिटाला सगळं बदललं.
मला ते कळायला वर्ष लागलं.

आज जैबुनखालाला जाऊन एक वर्ष झालं.

तुमच्यातलं कुणी तिला ओळखत नाही. पाचोडच्या बाजारात बांगड्या भरायची. राहायला तिथून पुढं एका लहान गावात, मुलाकडं, अन्वरकडं. आमच्या सर्व्हेत तिचं घर होतं.

मी कोण ते तुम्हाला माहितीच आहे. इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलेला, शेंद्र्याच्या कारखान्यात पप्पांनी लावून दिलेल्या नोकरीत तीन आठवडे टिकून सुपरवायझरशी भांडून घरी आलेला. मग हे काम मिळालं. पुण्याहून तीन तरुण इकॉनॉमिस्ट आले होते, सिडकोत फ्लॅट घेऊन राहायचे. गरीब माणूस वेळेवर दवाखान्यात का जात नाही, हा त्यांचा प्रश्न.
माझा प्रश्न त्यांच्यातली ऋचा.

हसा.

काम असं होतं. दर दोन महिन्यांनी घरोघर जाऊन बीपी मोजायचं. निम्म्या गावांत आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, दवाखान्याच्या वारासकट. उरलेल्या गावांत आकडा सांगायचाच नाही, मशीनचा पडदा आपल्याकडं फिरवायचा. मग बघायचं, चिठ्ठीमुळं किती जण जास्त जातात.
आकडा फारच वर गेला तर मात्र, गाव कुठलंही असो, ऋचाला फोन. डॉक्टरकडं जायची चिठ्ठी ती त्याच दिवशी पाठवणार. आपण तोंड उघडायचं नाही.

खालाचं गाव बिनचिठ्ठीचं.

पहिल्यांदा दंडाला पट्टा बांधला तर म्हणाली, "जिंदगी गेली लोकांचे हात धरण्यात. माझा हात धरणारा तू पहिलाच रे."

दुसऱ्या खेपेला माझा फोन वाजला. कोण आहे, तिनं विचारलं. मॅडम, म्हणालो. मॅडमचा फोन आल्यावर कुणी केस सारखे करत नाय, म्हणाली. मग मॅडमचा हात केवढा आहे ते मला बोटांनी हवेत दाखवायला लावलं, आणि तेवढ्यावरनं हिरव्या बांगड्या काढून दिल्या.
ऋचाला बरोब्बर बसल्या.

तिसऱ्या खेपेला आकडा फारच वर आला. पुन्हा मोजलं. तोच.
"कितना है, बेटा?"
पडदा माझ्याकडं होता.
"ठीक आहे, खाला."

बाहेर येऊन गाडीपाशी उभं राहून ऋचाला फोन केला.
"मी बघते. तू तिला काही बोलू नकोस."
"आजच पाठवशील ना?"
"सागर, विश्वास नाही का माझ्यावर?"

होता. लई होता. तिथंच तर सगळा घोळ.

नवव्या दिवशी खाला बाजारात कोसळली. एका पोरीचा हात हातात होता, निम्म्या बांगड्या भरून झालेल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मातीला गेलो. अन्वरला हळूच विचारलं, चिठ्ठी आली होती का.
"कसली चिठ्ठी?"

ऋचा रडली. म्हणाली, त्याच दिवशी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं दिली होती, त्यांनीच पोचवली नसणार.
मी गाडी काढली. त्या बाईच्या दारात उभा राहून चार लोकांसमोर नाही नाही ते बोललो. ती म्हणत होती, दादा, माझ्याकडं काही आलंच नाय. मी ऐकून घेतलं नाही. ऋचा खोटं बोलू शकते, एवढी जागाच डोक्यात नव्हती.

परवा ऑफिसातले कागद आवरायला बसलो. काल सर्व्हेचं प्रेझेंटेशन होतं ना, त्यासाठी. खाली चिठ्ठ्यांचं पुस्तक सापडलं, कार्बनवालं. वरची प्रत फाडून पेशंटला द्यायची, खालची पुस्तकात राहते.
खालाच्या नावाच्या दोन्ही प्रती पुस्तकातच.
ऋचाचं अक्षर. मी फोन केला त्याच दिवसाची तारीख. कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक लिहिलेलं, गावातलं मोजमाप संपल्यावर द्यायची.

त्या गावात अजून दहा-बारा दिवसांचं काम होतं. एका घरात चिठ्ठी गेली की शेजारचे विचारणार, आम्हाला का नाही. मग गाव बिनचिठ्ठीचं राहणार नाही, आणि सगळा डेटा वाया.
म्हणून ती थांबली.
खालाचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं, हे मला माहीत आहे. तिला फक्त तिचं गाव स्वच्छ ठेवायचं होतं.

काल हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुस्तक मांडीवर. तरी वाटत होतं, ती स्वतःच सांगेल.
एका सरांनी विचारलं, ज्यांचं बीपी फारच जास्त निघालं त्यांचं पुढं काय केलं.
ऋचानं माइक उचलला. हिरव्या बांगड्या वाजल्या.
"सगळ्यांना त्याच दिवशी कळवलं, सर."

मी उठलो.
"मग जैबुनखालाची चिठ्ठी या पुस्तकात कशी?"

सगळे मागं वळले. तिनं माइक खाली केला.
"सागर, नंतर बोलू. प्लीज."

नंतर.
खालाला पण नंतरच.

आशाताई, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर, उद्या सकाळी येतोय. ती चार माणसं बोलावून ठेवा. त्यांच्यासमोरच बोलायचं आहे.

आणि खाला.
ऋचावर सगळं ढकलून मी सुटत नाही. पडदा मी फिरवला होता. ठीक आहे, हे मी म्हणालो होतो. का, तर संध्याकाळी तिनं मला एकदा "गुड वर्क" म्हणावं म्हणून.

तू विचारलं होतंस. वरचा दोनशे दहा होता. खालचा एकशे तीस.
मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

खुदा हाफिज, खाला. काल तुझी चिठ्ठी पुस्तकातून फाडून खिशात घातली, हॉलच्या बाहेर आलो, आणि मागं दार लावून घेतलं.