चर्चच्या हॉलातली हळद

चर्चमागचा हॉल भाड्यानं द्यायला लागले ते चर्चची कौलं गळायला लागली म्हणून. वर्गणी कोणी देईना, मग परक्यांची लग्नं लावून का होईना देवाचं छप्पर दुरुस्त करू, असा पंचांचा विचार. पहिलंच लग्न एका विणकर घरातलं. माणसं चांगली, पण जेवणासाठी आणलेला बोकड त्यांनी आवारात दिसली त्या दोरीला बांधला. ती दोरी घंटेची. बोकड पाल्याकडे मान ताणायचा आणि वर घंटा वाजायची, थांबून थांबून, आमच्यात कोणी वारलं की वाजवतात तशी. भर दुपारी निम्मी मंडळी पळत आली. "कोण गेलं गं? कोण गेलं?" एक म्हातारी तर वाटेपासूनच रडत आली होती. बोकडाला बघून डोळे पुसत म्हणाली, "मुडद्या, तू तर अजून जिता हाईस की!"

त्यावरून पंचकमिटीनं हॉलचे नियम करायचं ठरवलं. नियम करताना एक तरी बाई हवी, असं पाळकसाहेब म्हणाले. मला घेतलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची वेळ आली की घाम फुटणारी. मलाच का निवडलं ते मला लगेच कळलं.

रविवारी उपासना झाल्यावर बैठक बसली. चिटणीस शाळेत मास्तर होते. 'नको' हा शब्द त्यांना पेढ्यासारखा गोड लागायचा. बिडी नको. बँड नको. सिनेमाची गाणी नकोत. बोकड नको, जिवंत तर नकोच. प्रत्येक नियमाला ते विचारायचे, "बहिणींचं काही म्हणणं?" मी पदराचं टोक पिळत बसायची. "बहिणींची हरकत नाही," असं म्हणून ते लिहून टाकायचे. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते. ते प्रार्थना करताहेत की झोपलेत, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

"हळद नको," मास्तर म्हणाले. "भिंतींवर पिवळे पंजे उठलेत. आणि हा नियम आपल्या मंडळीलाही लागू."

पुढच्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्या हॉलात होतं. आईबाप नव्हते, तिला मीच वाढवलेली. आमची चाळीतली एक खोली, तिथं एकानं कूस बदलली की दुसऱ्याला उठून बसावं लागे. सोयरे होटगीचे, रेल्वेतले, आमच्यासारखेच ख्रिस्ती. पण होणाऱ्या सासूनं सुपारीलाच बजावलं होतं, "पाद्रीबाबा काय म्हणायचं ते म्हणू द्या. हितं मांडवात हळद लागली तरच नवरी आमची. न्हायतर पोरगं माघारी नेते. होटगीला गाड्या लई हायत."

"बायबलात कुठं हळदीचं नाव आहे?" मास्तर विचारत होते. चहाचंही नाही, तरी तुमची दुसरी कपबशी चालूच आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण मी पदराचं टोकच पिळत राहिले.

"बहिणींची हरकत नाही," मास्तरांनी लिहिलं.

तेवढ्यात पाळकसाहेब जागे झाले. "शेवटची प्रार्थना बाईंनी करावी."

सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. कोणी म्हणून माझ्याकडे बघत नव्हतं. आणि आमच्यात प्रार्थनेच्या मधे कोणी बोलत नाही. धोतराला आग लागली तरी आमेन होईपर्यंत थांबतील.

"हे दयाळू बापा," मी सुरू केलं, "माझ्या धाकटीला आई नाही, हे तू जाणतोस. तिची सासू तूच घडवलीस, तेव्हा ती कशी आहे ते मी तुला काय सांगू? हळद लागली नाही तर ती पोराला घेऊन जाईल आणि माझी बहीण तशीच राहील." मास्तर खाकरले. मी आवाज चढवला. "बापा, मास्तरांच्या थोरल्या लेकीला परसात हळद लागली होती. ती वाटली मीच, हे तुझ्यापासून लपलेलं नाही. तू त्यांच्यावर रागावला नाहीस. आम्ही हॉलात नाही, बाहेर लिंबाखाली हळद लावू. भिंतीला हात लागला तर चुना मी देईन. या सगळ्या भावांना हे पटू दे. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळे सवयीनं म्हणाले. मास्तरसुद्धा.

मग त्यांच्या लक्षात आलं. "हे काय? प्रार्थनेत कुठं ठराव मांडतात का?"

"आता आमेन म्हणून बसलो की, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले. ते इतके खूश मी नाताळातही पाहिले नव्हते. "देवासमोर म्हणालो. खोडा ते."

मास्तरांनी खोडलं आणि 'हॉलच्या आत हळद नको' असं लिहिलं. लिहिताना पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

लिंबाखाली धाकटीला हळद लागली. तिच्या सासूबाई वाटी घेऊन भेटेल त्याला फासत सुटल्या होत्या. मास्तर हॉलच्या दारात राखण करत उभे होते. "या की मास्तर, भाईर या," म्हणत सासूबाईंनी त्यांचा हात धरून पायरीखाली ओढलं आणि दोन्ही गाल पिवळे केले. मास्तरांनी खिशातून नियमांचा कागद काढला, वाचला आणि परत ठेवला. हॉलच्या बाहेर होते ना.

पुढं कितीतरी वर्षं मी कमिटीवर राहिले. शेवटची प्रार्थना मला परत कोणी सांगितली नाही.