ले-आऊटमधली विहीर

हे मी कोणाले सांगितलं नाही. पोराले नाही, सख्ख्या भावाले नाही, अन् जिले सांगाचं होतं तिले तर नाहीच. ती आता राहिली नाही. मग आता सांगून काय फायदा? काहीच नाही. तरी लिहून राहिलो. चौथी शिकलेला माणूस आहो, हात चालते तसं लिहितो.

आमचं गाव दर्यापूरच्या वाटेवर, खारपाणपट्ट्यात. वरची जमीन काळी, कापूस झकास येते — पण खालचं पाणी खारट. बोअर मारा, विहीर खोदा, डाळ शिजत नाही अन् चहा नासते. नळाले पाणी येते तवा येते. गोड्या विहिरीची इथं काय किंमत, ते बाहेरच्याले कळाचं नाही. अख्ख्या शिवारात तशी एकच, गावाले लागून असलेल्या एका वावरात. सारं गाव तिचंच पाणी पीत होतं.

मालकानं ते वावर विकलं. घेणाऱ्यानं तिथं ले-आऊट टाकलं. प्लॉट, रस्ते, अन् कायद्यानं सोडा लागते ती मोकळी जागा — ओपन स्पेस. ती त्यानं नकाशात नाल्याकाठी दाखवली, जिथं पाणी तुंबते अन् वेड्या बाभळीशिवाय काही उगवत नाही. विहीर आली प्लॉटात. म्हणजे बुजणार.

माझी बायको वत्सला गप्प बसली नाही. शेजारची लीला तिची जिवाची मैत्रीण. दोघींनी बाया गोळा केल्या, हापिसात हरकतीचा अर्ज दिला — मोकळी जागा विहिरीभोवती ठेवा म्हणून. ग्रामसभेत वत्सला उभी राहून बोलली. मी मागं बसलो होतो. चांगलं बोलली. अन् — आता लपवून काय करू? — ती चांगलं बोलली, हेच मले खुपलं.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गेलो तं एक जण म्हणे, "काहो भाऊ, आज भाकरी तुमीच थापल्या का? वहिनीले तं आता मीटिंगा रायतात."

दुसरा म्हणे, "याइले आता वत्सलाबाईचे मालक म्हणा लागते."

सारे हासले. मीही हासलो. पण आत आग लागली. एवढ्याशा गोष्टीनं? हो, एवढ्याशा. माणूस मोठ्या कारणानंच नीच होते असं वाटते का तुमाले?

मग अर्जावरून मोक्यावर पाहणीले हापिसातला साहेब आला. बाया म्हणत, पाणी गोड. ले-आऊटवाल्याची माणसं म्हणत, खारं. साहेब परगावचा, हातात विकतच्या पाण्याची बाटली धरून उभा. तो काही ते पाणी तोंडाले लावणार नव्हता.

वत्सला म्हणाली, "साहेब, माह्या मालकाले पाजा. ते खोटं बोलत नाहीत."

ले-आऊटवाला म्हणे, "घरचाच माणूस. तो गोडच म्हणन ना."

"म्हणू द्या. ते गोड म्हणाले तर नमुना तपासायला पाठवतो," साहेब म्हणाला.

तिनं स्वतः बादली सोडली. गडू भरून माझ्या हातात दिला. मी प्यालो. जन्मभर पीत आलो तेच पाणी — थंड, गोड. बाया पाहून राहिल्या होत्या. पानठेल्यावरचे ते दोघंही पाहत होते. मी गडू खाली ठेवला अन् म्हणालो —

"खारं हाय."

कोणी मले पैसा दिला नव्हता. कोणी धमकावलं नव्हतं. तिले चार लोकांत खाली पाडाचं होतं, बस.

वत्सला रागावली नाही. घाबरली. म्हणे, "साहेब, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जीभ मेली याइची." पण साहेबाचं लिहून झालं होतं. नमुना गेला नाही. विहीर मुरूम टाकून बुजवली, वर प्लॉट पडला. बाया आता कॅनच्या पाण्याची वाट पाहत बसतात.

बायांनी तोंडावर म्हटलं, "तुह्या नवऱ्यानं पैसे खाल्ले." लीलानंही म्हटलं. वत्सला तिच्याशी कडाकडा भांडली — "माह्या माणसाची जीभ गेली, इमान नाही गेलं." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. मधात एक भिंत, पण हाक नाही. अन् माझ्या ताटात मीठ कमी पडू लागलं. वत्सला म्हणे, "याइले गोडही खारं लागते." अळणी वरण मी गुमान खात गेलो. मीठ मागितलं असतं तं पकडला गेलो असतो ना.

ती बिमार पडली, अमरावतीले दवाखान्यात नेली, घरी आणली. लीला आली नाही. वत्सला दाराकडे पाहत राहे. कोणाची वाट पाहते, मले कळत होतं. भिंतीपलीकडे जाऊन एक वाक्य बोलाचं होतं. नाही गेलो.

वत्सला गेली. तेरवीले लीला आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणे, "भाऊजी, वत्सला मरेपर्यंत तुमच्यासाठी भांडली. एवढी खात्री उगीच नसते कोणाची. मीच चुकीचं बोलली. मले माफ करा."

मी काय केलं असन?

"जाऊ द्या बाई," म्हटलं. "होते असं." ती पदरानं डोळे पुसत उठली. मी तिले माफ केलं.